मराँवच्या पलीकडे: पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात

दोरू नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पोर्ट वाईनच्या मुलखात जायचं तर पोर्तोहून आगगाडीनेच जा, आणि जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. पहिला तासभर विशेष काही नाही. मग रूळ नदीला येऊन भिडतात आणि पिन्यांव या खोऱ्यातल्या गावापर्यंत नदी खिडकीखालीच राहते. एकूण साधारण अडीच तास. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो. पोर्तोत पाऊस भुरभुरत होता, पिन्यांवला उतरलो तर कडकडीत ऊन.

मधे मराँवचा डोंगर आहे, 1400 मीटरच्या थोडा वर. अटलांटिकवरून आलेले ढग त्याच्या पश्चिम अंगावरच रिकामे होतात. महाबळेश्वर आणि वाई एका दिवसात पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. डोंगर ओलांडल्यावरही फरक पडतच जातो: रेग्वा गावाच्या आसपास वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस, पिन्यांवकडे 650च्या आसपास आणि स्पेनच्या हद्दीकडे जेमतेम 400.

पावसाच्या अंगाला, म्हणजे मिन्यू प्रांतात, ‘विन्यू व्हेर्द’ नावाची वाईन होते: हलकी, आंबटसर, ताजीच प्यायची. तिथे वेली पूर्वापार उंच मांडवावर, अगदी झाडांवरही चढवत, खालून वारा खेळावा आणि बुरशी धरू नये म्हणून. निफाडकडच्या माणसाला हे पटकन कळतं. भुरी आणि डावणी आपल्याला काय नवीन? मराँवच्या पलीकडे मात्र मांडव दिसत नाही, वेल आखूड ठेवलेली. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. इथे थंडीत वेल झोपते, त्यामुळे मुख्य छाटणी एकदाच, हिवाळ्यात.

माती म्हणावी अशी माती या उतारांवर नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड आहे. एक तुकडा उचलून नखाने उचकटला, तर पातळ चकत्या सुटत गेल्या. त्याचे थर बरेचदा उभे असतात, म्हणून मुळं फटींतून कित्येक मीटर खाली ओलीपर्यंत पोचतात. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब सोडत राहतो. सूर्य बुडाल्यावर बांधाच्या भिंतीवर हात ठेवला, तेव्हाही ती गरम होती.

काही उतारांवर भिंती शाबूत आहेत, पण वेली नाहीत. नुसतं रान नाहीतर ऑलिव्हची झाडं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने मुळं खाल्ली, आणि हे मळे पुन्हा उभे राहिलेच नाहीत. मला तरी हे ओसाड बांध सजवलेल्या मळ्यांपेक्षा जास्त बोलके वाटले.

पोर्ट म्हणजे इथली गोड, कडक वाईन. तिचे द्राक्षमळे कुठवर, याची हद्द 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोम्बालच्या काळात आखली गेली. त्या वेळचे ग्रॅनाइटचे खांब अजून सापडतात. पोर्ट करताना रस आंबत असतानाच त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबणं थांबतं, गोडी शिल्लक राहते. गोव्यातल्या ‘पोर्ट’वरून मत बनवलं असेल तर ते बाजूला ठेवा. पिंपं मात्र पूर्वापार नदीच्या मुखाशी, पोर्तोसमोरच्या गाया शहरात मुरत ठेवली जातात, कारण समुद्राजवळ हवा थंड आणि दमट; खोऱ्यातल्या उन्हाळ्यात वाईन लवकर म्हातारी होते.

जुलै-ऑगस्ट टाळा, पारा 40च्या वर जातो. सप्टेंबरात तोडणी बघायला मिळते, पण खोल्या महाग आणि लवकर भरतात. मळ्यांच्या भेटी आधी ठरवूनच जा. पिन्यांवहून वरच्या काझाल द लोइव्हुश गावापर्यंत चढ छातीवर येणारा आहे. सकाळीच निघा, पाणी घ्या. पिन्यांव स्टेशनवरची निळ्या फरशांची तोडणीची चित्रं पाहायला गाडीच्या अर्धा तास आधी पोचा, आणि परतीच्या गाड्यांची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा, फार नसतात. शाकाहारी असाल तर ‘काल्दु व्हेर्द’ सूप मागवण्याआधी विचारा. नाव पालेभाजीचं असलं तरी वर डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने चाखायचं नाही, हे सकाळीच ठरवा. रस्ते वळणांचे आहेत आणि गाडी उजवीकडून चालवायची असते.

गायासाठी एक दुपार राखून ठेवा. तिथे पोर्टचे दोन प्रकार, रुबी आणि 10 वर्षांची टॉनी, शेजारीशेजारी मागा, आधी रुबी प्या. पेला लहान असतो, पण दारू 20 टक्क्यांच्या आसपास. आधी काहीतरी खाऊन घ्या.