लोणच्याची बरणी

मावशींचा थोरला मुलगा खानापूरहून लाल बसनं बेळगावला आला, मांडीवर लघवीचा कॅन घेऊन. मावशींची चोवीस तासांची लघवी, ती टिकावी म्हणून आत ॲसिड. कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाला, "औषध हाय." त्या कॅननंच रोग पकडला. मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनलिनच्या जातीच्या संप्रेरकांचा लघवीत उतरणारा अंश, कितीतरी पटींनी वाढलेलं. असली गाठ बहुतेकदा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत असते, पण त्या स्वच्छ. गाठ निघाली हृदयावर, डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, छतावर, लिंबाएवढी. पॅरागँग्लिओमा, ही संप्रेरकं ओतणारी गाठ. वीस वर्षं भूल देतोय, हृदयावरचा हा पहिलाच.

मावशींचं गाऱ्हाणं जुनंच होतं, "डोकं ठणकूलालंय, घाम सुटूलालाय, छाती धडधडूलालीय." धडधड ऐकून कुणीतरी नुसता बीटा ब्लॉकर, धडधड कमी करणारं औषध, सुरू केला होता आणि बीपी आणखीच चढलं. चढणारच. गाठीतलं नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळत असतं, त्यात त्या सैल करणारी बीटाची वाटही बुजली. आधी अल्फा, म्हणजे वाहिन्या आवळणारी वाट, अडवायचा, मग गरज पडली तर बीटा. आम्ही दोन आठवडे अल्फा अडवणारं प्राझोसिन दिलं. वाहिन्या सैल झाल्या की आतलं रक्त अपुरं पडतं, म्हणून पाणी भरपूर आणि मीठ सढळ. "बीपीच्या बाईला मीठ?" मावशींनी मला वेड्यात काढलं. लोणच्याची बरणी मात्र घरून लगेच मागवली.

ऑपरेशनच्या दिवशी मी पडद्याअलीकडे. सर्जनचं बोट गाठीला लागलं की डोकावायची गरजच नव्हती, मॉनिटरवरचं बीपी सांगायचं: १३०, १९०, २४०. "सर, थांबा." बीपी झटकन उतरवणारं नायट्रोप्रुसाइड वाढवायचं, आकडा उतरला की, "हं, करा." हार्ट-लंग मशीन सुरू होईपर्यंत हेच. गाठीला कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्याच रक्तवाहिन्यांच्या, फांद्यांतून रक्त, त्यामुळे ती सोलून काढणं अवघडच. सर्जननं कर्णिकेच्या छताचा तुकडा गाठीसकट कापला आणि हृदयाच्या आवरणाचं ठिगळ लावलं.

मशीनवरून उतरवताना सिस्टर म्हणाली, "सर, ऐवत्तु." पन्नास! गाठ गेली, तिचा रतीबही बंद झाला. दोन आठवडे ज्याला धाक घातला, तेच नॉरॲड्रेनलिन आता मीच सिरिंज पंपानं देत बसलो, पहाटेपर्यंत.

जनुक चाचणीत एसडीएचबी या जनुकाचा दोष निघाला. तो मुलांकडे उतरू शकतो, म्हणजे दोन्ही मुलांचं रक्त तपासायला हवं. थोरल्याला समजावलं. त्यानं एकच विचारलं, "परत कॅन आणायचा काय?"