लॅपटॉप घरी, पोस्ट रांगेत आणि सेशन कॅन्सल

सकाळी ७:४० ला सरांचा मेसेज. "आजचं लाइव्ह सेशन होत नाहीये, स्पीकर आजारी आहेत, पुढच्या बुधवारी घेऊ. पोस्ट तेवढ्या बदलून घ्या."

तेवढ्या! मी बसमध्ये, पुढे सहा तासांचा प्रवास, लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवलेला कारण सुट्टी म्हणजे सुट्टी असं या वेळी स्वतःला ठणकावून सांगितलं होतं, फोनची बॅटरी ६१ टक्के आणि पॉवर बँक कुठे तर वर कॅरियरवरच्या बॅगेत, जिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी मोठी पेटी. आणि त्या दिवशीच्या पोस्ट म्हणजे सगळ्या "आज संध्याकाळी ७ वाजता" वाल्या, सकाळी ९, दुपारी साडेबारा, दुपारी ४, इन्स्टाग्राम, फेसबुक, एक्स, लिंक्डइन. शिवाय पैसे भरून चालू असलेल्या ॲड.

मी सोशल मीडिया सांभाळते म्हटलं की लोक हमखास विचारतात की कोणती कोणती ॲप वापरतेस, आणि मग मी पण मोठी यादी सांगते, एडिटिंगला हे, कॅप्शनला ते. त्या दिवसानंतर यादी बदलली. खरं तर यादी तीच आहे, क्रम बदलला.

आधी ॲड, कारण तिथे मिनिटागणिक पैसे जातात. मेटाचं (फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांचं) ॲड्स मॅनेजर फोनमध्ये होतं पण आत्तापर्यंत मी त्यात फक्त आकडे बघत आले होते, रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा, वाईट सवय. कॅम्पेन उघडलं, निळं बटण सरकवलं, बंद. दहा सेकंद लागले असतील. एक क्षण मोह झाला की बंद कशाला करायची, ॲडमधलं वाक्यच बदलून टाकू. पण ॲडमध्ये मजकूर किंवा फोटो बदलला की ती परत रिव्ह्यूला जाते, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत होतं पण नक्की कधी ते आपल्या हातात नसतं, आणि लर्निंग फेज पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ॲड सेटला (एकत्र चालणाऱ्या ॲडचा गट) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, म्हणजे क्लिक, नोंदणी वगैरे, मिळाले की तो स्थिरावतो, तोवर खर्च वरखाली होत राहतो. बदल केला की मोजणी नव्याने. त्याच ॲड सेटमध्ये नवीन ॲड टाकली तरी नव्याने, आणि सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून चालू केली तरी नव्याने. म्हणजे कुठूनही गेलं तरी लर्निंग जाणारच होतं. मग सरळ बंद केली आणि पुढे सरकले.

आता शेड्युलर, म्हणजे पोस्ट आधीच लावून ठेवायचं ॲप. नाव सांगत नाही, बफर, हूटसूट ज्या जातीचे आहेत तसलंच एक. याचं फोन ॲप मी इन्स्टॉल करून ठेवलं होतं आणि नंतर कधी उघडलंच नव्हतं, सगळं काम लॅपटॉपवर. साहजिकच लॉगआउट. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमधून मिळाला, मग सहा आकडी कोड मागितला. ऑथेंटिकेटर, म्हणजे तो कोड देणारं ॲप, त्याच फोनवर, म्हणजे इकडून तिकडे उडी. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि मी पोचले तेव्हा शेवटचे काही सेकंद उरलेले, पाठ करून परत येईपर्यंत तो मेला. दुसऱ्यांदा बस बोगद्यात शिरली. तिसऱ्यांदा मी शहाणपणा केला, जुना कोड संपायची वाट बघत बसले, नवीन आला रे आला की तीन-तीन आकडे मोठ्याने म्हणत टाईप केले. शेजारच्या काकू बघायला लागल्या. बहुतेक त्यांना वाटलं असेल बँकेचा ओटीपी कोणाला तरी सांगतेय.

आत गेले, तिन्ही वेळच्या पोस्ट चारही अकाउंटवरून उचलून ड्राफ्टमध्ये टाकल्या. ८:३५ झाले होते. डोळे मिटून मागे टेकले पण. मस्त वाटलं, पंचवीस मिनिटं हातात आहेत म्हणून.

बरोबर ९ ला इन्स्टाग्रामचं नोटिफिकेशन. तुमची पोस्ट प्रसिद्ध झाली आहे.

मला आधी वाटलं शेड्युलरने ऐकलंच नाही. परत आत गेले, ड्राफ्ट सगळे ड्राफ्टमध्येच. फेसबुक उघडलं तर तिथेही तीच पोस्ट, "आज संध्याकाळी ७". एक्स आणि लिंक्डइनवर मात्र काही नाही. तेव्हा जरा ट्यूब पेटली. ज्युनिअरला फोन लावला.

"ताई, ते मी बिझनेस स्वीटमधून पण लावून ठेवलं होतं," तो म्हणाला. बिझनेस स्वीट म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट लावायचं मेटाचं स्वतःचं टूल. "मागच्या आठवड्यात आपल्या ॲपमधून अकाउंट डिस्कनेक्ट झालं होतं ना, पोस्ट गेलीच नाही, तुम्ही ओरडलात. म्हणून बॅकअप. आपली पोस्ट गेली की मी दुसरी काढून टाकणार होतो."

"नऊच्या नऊला कशी काढणार होतास रे दोन्ही एकदम?"

त्यावर तो गप्प. मी पण गप्प, कारण ओरडले होते हे खरंच होतं.

याच्यात एक गोष्ट जी मला इतक्या वर्षांत नीट कळली नव्हती. बाहेरचा शेड्युलर तुमची पोस्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो आणि वेळ झाली की प्लॅटफॉर्मच्या हातात देतो. तोवर फेसबुकला, इन्स्टाग्रामला पत्ताच नसतो की अशी काही पोस्ट येणार आहे. त्यामुळे बिझनेस स्वीटच्या कॅलेंडरमध्ये ती दिसत नाही, आणि बिझनेस स्वीटमध्ये लावलेली शेड्युलरमध्ये दिसत नाही. दोन रांगा, दोघींना एकमेकींची खबर नाही. मी एका रांगेला थांबवून डोळे मिटून बसले होते.

मग बिझनेस स्वीट ॲप, प्लॅनर, साडेबारा आणि ४ ची काढून टाकली. ९ ची जी गेली होती तिचं काय? इन्स्टाग्रामवर डिलीट नाही केली, अर्काइव्ह केली. अर्काइव्ह केलेली पोस्ट कोणाला दिसत नाही पण लाइक कमेंट शाबूत राहतात आणि पाहिजे तेव्हा परत आणता येते, आणि त्यात दोन जणांनी प्रश्न विचारले होते त्यांना नंतर उत्तर द्यायचं होतं मला. फेसबुकवर मजकूर एडिट केला. फोटो मात्र चुकीचाच, त्यावर ठळक अक्षरात "आज". कॅप्शन कितीही बदला, पोस्ट केलेला फोटो इन्स्टाग्रामवर जागच्या जागी बदलता येत नाही, लिंक्डइनवर पण नाही, आणि एक्सवर फुकटच्या अकाउंटला तर शब्दही बदलता येत नाही. म्हणजे नवीन इमेज करणं आलं.

इमेज बनवायचं कॅनव्हा फोनवर चालतं, छान चालतं असं सगळे सांगतात, मी पण सांगायचे. चालत्या बसमध्ये करून बघा. "आज संध्याकाळी ७" च्या जागी "पुढच्या बुधवारी संध्याकाळी ७" टाकलं, तर ते मावेना, दोन ओळी झाल्या आणि दुसरी ओळ स्पीकरच्या हनुवटीवर जाऊन बसली. फॉन्ट लहान करायला अंगठ्याने बॉक्सचा कोपरा धरला तेवढ्यात गतिरोधक, आणि बॉक्सऐवजी स्पीकरचा फोटोच फिरला, चांगला कललेला, जणू माणूस सीटवर डुलकी घेतोय. अनडू. पुन्हा धरला, या वेळी लोगो हलला. अनडू. मग सुचलं ते आधी का सुचलं नाही देव जाणे, एकेका गोष्टीवर टॅप करून फोटो लॉक, लोगो लॉक, मागची पट्टी लॉक. उरलं फक्त अक्षर. मग झालं. सेव्ह करताना पीएनजी, कारण जेपीजीत बारीक अक्षरांच्या कडा मळकट दिसतात. हा एक बदल लॅपटॉपवर एका मिनिटाचा, इथे चौदा मिनिटं गेली, बॅटरी ४४.

लिंकच्या बाबतीत नशीब चांगलं. सरांनी रजिस्ट्रेशनचं जुनं पान बंद करून नवीनच बनवलं होतं (का, विचारू नका). पण इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही म्हणून आम्ही सगळीकडे "लिंक बायोमध्ये" लिहितो, ते इतकी वर्षं डोक्याला ताप वाटायचं, त्या दिवशी तेच कामी आलं. बायोतली एक लिंक बदलली आणि मागच्या आठ दिवसांतल्या सगळ्या पोस्ट आपोआप बरोबर झाल्या. फेसबुकवर मात्र प्रत्येक पोस्टमध्ये लांबलचक पत्ता पेस्ट केलेला, तो एकेक करून बदलावा लागला. बिटलीसारखी छोटी लिंक, जिच्या मागचा पत्ता बदलता येतो असा प्लॅन घेऊन, तेव्हाच वापरली असती तर हे काम वाचलं असतं. बायोतल्या नव्या लिंकचं यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते कळायला लिंकला जोडायच्या खुणा, मी हातानेच टाईप केलं, सोर्स, मीडियम, कॅम्पेन. घाई होती. याच्याकडे नंतर येते.

सगळं झाल्यावर गूगल ॲनालिटिक्सचं ॲप उघडलं, रिअलटाइम. यात मागच्या ३० मिनिटांतली माणसं दिसतात. जुन्या पानावर आता कोणी यायला नको ना? सहा जण होते. बघता बघता नऊ. अकरा. ॲड बंद, पोस्ट बंद, बायो बदललेला, मग ही माणसं येतायत कुठून! सोर्सवर टॅप केलं तर न्यूजलेटर.

पुन्हा फोन. "ताई, तो रिमाइंडर मेल ऑटोमॅटिक आहे, दहाला जातो."

तिसरी रांग. आणि गेलेला मेल काही परत बोलावता येत नाही, त्याला म्हटलं लगेच दुसरा पाठव, सब्जेक्टमध्येच नवीन दिवस लिही, माफीचे चार परिच्छेद नकोत, आणि संध्याकाळचा दुसरा रिमाइंडर आत्ता माझ्यासमोर बंद कर, स्क्रीनशॉट टाक. टाकला बिचाऱ्याने.

शेवटचं व्हॉट्सॲप बिझनेस. ब्रॉडकास्ट लिस्ट आहे आमची, एका लिस्टमध्ये २५६ लोक बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, म्हणून फार नाहीत पण जे आहेत ते नक्की येणारे. त्यांना नीट, सविस्तर लिहिलं, पाठवलं, हुश्श केलं, आणि मग वाचलं. "पुढच्या गुरुवारी." तीन तास बुधवार बुधवार जपत होते आणि नेमकं तिथे गुरुवार. मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत एडिट करता येतो, मी चौथ्या मिनिटाला होते. एकीने तेवढ्यात "गुरुवार चालेल" असं उत्तर पण देऊन टाकलं होतं, तिला वेगळा मेसेज.

साडेअकराला सरांना कळवलं की झालं सगळं. उत्तर आलं, अंगठा. नुसता अंगठा.

तेव्हापासून एक केलंय, फोनच्या पहिल्या स्क्रीनवर एडिटिंगचं एकही ॲप नाही. ॲड्स मॅनेजर, शेड्युलर, बिझनेस स्वीट, मेलवालं, ऑथेंटिकेटर, एवढीच, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांत लॉगिन आहे ना ते बघते. आणि पोस्टच्या वेळापत्रकाच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवलाय, "ही पोस्ट कुठून जाणार". ज्युनिअर तो कॉलम भरतो, कधी कधी मला विचारून भरतो, आणि मी ओरडत नाही. प्रयत्न करते निदान.

पुढच्या बुधवारी सेशन झालं, स्पीकर ठणठणीत, आणि नंतर मी रिपोर्ट पाठवला. तासाभरात सरांचा फोन. "मॅडम, यात इन्स्टाग्राम दोनदा का आहे? एक बारीक आयचं आणि एक कॅपिटल आयचं?"

यूटीएममध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. बसमध्ये हाताने टाईप करताना कीबोर्डने पहिलं अक्षर आपलं आपण मोठं केलं होतं. मी म्हटलं, सर, कॅपिटलवालं बसमधलं आहे.