तुम्ही विचारलंत म्हणून: टोपी घातली की मनातलं कळतं का?

हा प्रश्न मला गेली दहा वर्षं लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या काकूंकडून, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडून विचारला गेलाय, तेही माझ्या तोंडात त्यांची हत्यारं असताना. "काय करता?" म्हटल्यावर मी सांगते, क्लिनिकल सायकॉलॉजी, आणि मेंदूच्या लहरींवर रिसर्च. की समोरचा माणूस जरासा मागे सरकतो, हसतो आणि म्हणतो, "बापरे, म्हणजे आत्ता माझ्या मनात काय चाललंय ते कळतंय तुम्हाला?" ज्यांनी टीव्हीवर फोटो बघितलेत ते विचारतात, "ती वायरींची टोपी घातली की सगळं कळतं ना हो?"

नाही कळत. पण एवढंच म्हटलं की लोक हिरमुसतात, मग इतकी वर्षं केलं काय असं त्यांच्या चेहऱ्यावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली. मी स्वतः याच प्रश्नामुळे इथे आले. 2008 साली मी नुकतीच बारावी झाले होते आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टाने एका खुनाच्या खटल्यात, आरोपीच्या मेंदूची विद्युत चाचणी केली होती तिचा आधार निकालात घेतला, अशी बातमी आली. आरोपीला टोपी घालायची, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूला ते 'अनुभवून' माहीत आहे का ते मशीनने सांगायचं, असा तो प्रकार. मी पेपर घेऊन वेड्यासारखी घरभर फिरले. बाबा म्हणाले कॉमर्स घे, मी सायकॉलॉजी घेतलं. ही पद्धत काढणारे सी. आर. मुकुंदन आमच्याच विषयातले, बंगळुरूच्या निमहान्समध्ये (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) क्लिनिकल सायकॉलॉजीचे विभागप्रमुख राहिलेले, हे मला पुढे कळलं. आणि 2010 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही, तोवर मी एस.वाय.ला होते आणि त्या निकालाबद्दल आमच्या वर्गात कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण परीक्षेला ते नव्हतं.

एम.ए. पुण्यात झालं. मग एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, दोन वर्षांचं, हॉस्पिटलमध्ये राहून करायचं, आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, मान्यता असलेलं (आरसीआयचं रजिस्ट्रेशन नसेल तर आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसता येत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं). सकाळी ओपीडी, दुपारी टेस्टिंग, रात्री केस लिहिणं. लहान मुलांना बिने-कामत लावायची, म्हणजे कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापन चाचणी, मोठ्यांना रोर्शाची ती शाईच्या डागांची 10 कार्डं, मग स्कोअरिंग करता करता पहाटे तीन. या दोन वर्षांत आमच्या मॅडमनी मला एकच गोष्ट शिकवली असं म्हटलं तरी चालेल. माझ्या पहिल्या केसमध्ये मी लिहिलं होतं, पेशंटला अँग्झायटी आहे. मॅडमनी लाल पेनने त्यावर काट मारली आणि विचारलं, "तो 'अँग्झायटी' म्हणाला? काय म्हणाला ते लिही." तो म्हणाला होता, छातीत पाखरू फडफडतंय. "मग हे लिही ना. अँग्झायटी काय सगळ्यांनाच असते."

आणि तिथेच मला एक पेशंट भेटले (ओळख पटू नये म्हणून इथले सगळेच तपशील बदललेत). ओसीडी, म्हणजे तोच विचार परत परत येतो आणि तीच गोष्ट परत परत करायला लावतो तो आजार. झोपायच्या आधी वीस-पंचवीस वेळा गॅस बघायचे. ते म्हणाले, "मॅडम, डोळ्यांना दिसतंय बंद आहे. हाताला कळतंय बंद आहे. पण आतून कोणीतरी म्हणत राहतं, चुकलं, चुकलं." मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुढे महिन्याभरात लायब्ररीत एक पेपर वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण तिथे त्या 'चुकलं, चुकलं'चा आलेख काढलेला होता.

म्हणजे असं की माणसाला स्क्रीनवर पाच बाण दाखवायचे, मधला बाण कुठे बघतोय ते बटण दाबून सांगायचं, आजूबाजूचे बाण मुद्दाम उलटे ठेवायचे, घाई करायला लावायची. माणूस चुकतोच. आणि चुकीचं बटण दाबल्यावर 100 मिलिसेकंदांच्या आत, कपाळाच्या वर डोक्याच्या मधोमध एक निगेटिव्ह लाट उठते. आपण 'अरे च्च' म्हणेपर्यंत ती येऊन गेलेली असते. इआरएन म्हणतात तिला, म्हणजे एरर-रिलेटेड निगेटिव्हिटी. 1990 च्या आसपास जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या दोन वेगळ्या टीमना ती सापडली, आणि 2000 साली एका अभ्यासात दिसलं की ओसीडी असलेल्यांमध्ये ती मोठी असते. झालं. एम.फिल. संपवून नोकरी बघायची सोडून मी पीएच.डी.ला नाव घातलं. आई दोन दिवस बोलली नाही.

आता टोपीचं. भारतात ईईजी, म्हणजे टोपी घालून मेंदूतली वीज मोजणं, करायचं म्हणजे पहिली लढाई तेलाशी. फोनवर बजावून सांगायचं की आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुवा, तेल नको, कंडिशनर नको, तरी निम्मे लोक चकचकीत डोक्याने यायचे, कारण दवाखान्यात जायचं म्हणून घरच्यांनी चापून तेल लावून वेणी घालून दिलेली असायची. मग लॅबच्या बेसिनवर पहिलं केस धुणं. मी शाम्पूच्या पाकिटांची आख्खी माळ आणून टांगली होती आणि अकाउंट्सनी बिल परत पाठवलं, शेरा मारून: 'संशोधनासाठी शाम्पू? खुलासा करावा.' मी दीड पान खुलासा केला. ते पैसे अजून आलेले नाहीत.

केस कोरडे झाले की टेप घ्यायची, नाकाच्या मुळाशी दोन भुवयांमध्ये जो खड्डा असतो तिथून मागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, त्याचे दहा टक्के, वीस टक्के करत खुणा करायच्या, मग टोपी, मग बोथट सुई लावलेल्या सिरिंजने एकेका भोकात जेल भरायचं आणि हलक्या हाताने घोळवायचं, स्क्रीनवरचा ठिपका लालचा हिरवा होईपर्यंत. 64 ठिपके. तासभर सहज जातो. हा तासभर माणूस तुमच्या हाताखाली डोकं देऊन बसलेला असतो, त्याला दुसरं काही करायला नसतं, म्हणून तो बोलतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निरोगी लोकांच्या गटात एक आजी आल्या होत्या. संमतीपत्र मराठीत असावं असा नियम, आणि कमिटीने मंजूर केलेल्या भाषांतरात इलेक्ट्रोडला 'विद्युतअग्र' म्हटलेलं. आजींनी चष्मा लावून वाचलं आणि उठल्याच. "शॉक देणार होय गं मला?" त्यांना अर्धा तास समजावलं की आजी, मशीन काहीच पाठवत नाही, नुसतं ऐकतं, डॉक्टरांची नळी असते ना छातीला लावायची, तसं. पटलं त्यांना. मग कपाळ स्पिरिटने पुसायची वेळ आली आणि परत अडलं, कारण कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "पुसते" हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि लॅबमध्ये अशी काही शांतता पसरली की काय सांगू. शेवटी टेप अलगद बाजूने धरून मोजलं आणि कुंकवाला धक्का न लावता इलेक्ट्रोड वरच्या वर बसवला. आजींचा डेटा सगळ्यात स्वच्छ निघाला, पापणीसुद्धा लवत नव्हती.

पापणीचं महत्त्व सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. डोक्याच्या कातडीवर जी वीज पोचते ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. रिमोटमधला सेल 1.5 व्होल्टचा असतो, मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. मी शोधत होते ती लाट जेमतेम पाच-दहा मायक्रोव्होल्टची आणि नुसती पापणी लवली तरी शंभराच्या वर उसळी बसते. त्यात दात आवळले, गिळलं, मान हलली, भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची घरघर, सगळं त्यात मिसळलेलं. म्हणजे स्टेडियममध्ये मॅच चालू असताना बाहेरच्या फुटपाथवर उभं राहून, आत एक माणूस शेजाऱ्याच्या कानात काय कुजबुजला ते ऐकायचं. एका वेळी ते ऐकूच येत नाही. मग युक्ती काय, तर तीच गोष्ट शेकडो वेळा करून घ्यायची आणि सरासरी काढायची. गोंगाट दरवेळी वेगळा असतो म्हणून तो एकमेकांत विरतो, जे दरवेळी तसंच येतं ते उरतं. त्यानंतर चाळीस माणसांच्या सरासरीची सरासरी, मग दोन गटांतला फरक.

आणि इथे माझी पंचाईत झाली ती आजतागायत सुटलेली नाही. मॅडमनी शिकवलेलं की एका माणसाचं एक वाक्य सोडू नकोस. लॅबमध्ये एक वाक्य, एक ट्रायल (बाण दाखवायची एक खेप), कधी कधी एक आख्खा माणूसही कचरा. ओसीडीवाल्यांचा गट आणि बाकीच्यांचा गट यांच्या सरासरीत फरक आहे, छान आहे, पण दोन गट एकमेकांवर इतके सांडलेले असतात की उद्या तुम्ही एकटे येऊन टोपी घातलीत तर तुमची लाट बघून मी सांगू शकणार नाही की तुम्हाला ओसीडी आहे की नाही, मग मनातलं तर दूरच. आणखी एक गंमत म्हणजे उपचारांनी माणूस बरा होतो, गॅस बघणं थांबतं, तरी ती लाट मोठीच राहते असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे 'चुकलं, चुकलं' म्हणणारा आत तसाच असतो बहुतेक, माणूस त्याचं ऐकायचं सोडून देतो. हे मला कुठल्याही माइंड रीडिंगपेक्षा भारी वाटतं. लग्नात सांगायला गेले की मात्र लोक जेवायला उठतात.

तसे हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. ज्या माणसाने ईईजी शोधलं त्यालाही हेच हवं होतं. हान्स बर्गर, जर्मनीतल्या येना गावचा मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी वडिलांची तार आली, कसा आहेस म्हणून, कारण दूर घरी बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय. मन मनापर्यंत कसं पोचतं त्याचा माग काढायला हा बाबा आयुष्यभर बसला. 1924 साली त्याने माणसाच्या मेंदूतून पहिली लहर टिपली, पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही, 1929 मध्ये छापलं. टेलिपथी काही सापडली नाही. सापडली अल्फा लहर, सेकंदाला साधारण दहा हेलकावे, डोळे मिटले की वाढते आणि उघडले की मावळते. शंभर वर्षांनंतरही मी लॅबमध्ये पहिलं हेच म्हणते, "डोळे मिटा... उघडा," आणि ती लहर आली की टोपी नीट बसलीय असं समजते.

पैशांचं विचारू नका. नेट-जेआरएफ (संशोधनासाठी मिळणारी सरकारी फेलोशिप) होती म्हणून तरले, सुरुवातीला महिना 25,000, 2019 पासून 31,000, पण चार-चार महिने यायचेच नाहीत, आणि मधल्या काळात एका कॉलेजवर सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, तास घेतले, त्याचं मानधन तर पुढच्या शैक्षणिक वर्षात मिळालं. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा माझे अकरा पेशंट व्हायचे बाकी होते. बाकीच्यांनी गुगल फॉर्म पाठवून रिसर्च चालू ठेवला, मी काय करणार, लोकांच्या डोक्याला हात लावल्याशिवाय माझं काम होत नाही. दीड वर्ष घरी बसून जुन्या फायलींतल्या पापण्या साफ केल्या.

उरलेल्या अकरांपैकी एक होते एक निवृत्त गृहस्थ, सरकारी खात्यात हिशोबाचं काम केलेले, ओसीडी जुना. आमच्या प्रयोगाची अडचण अशी की त्यात चुका लागतात. निदान सात-आठ तरी लागतात, नाहीतर सरासरी कशाची काढणार? मी दर ब्रेकला सांगत होते, "काका, जरा पटापट, चुकलं तरी चालेल." ते म्हणायचे, "चालेल कसं?" 480 वेळा बाण दाखवले. तीन चुका. दोन तासांचा डेटा, एवढं जेल, एवढी खटपट, आणि मला तिथेच बसून कळलं होतं की हे थिसिसमधून बाद होणार.

मग बेसिनवर त्यांचे केस धुवायला घेतले. मान खाली, नळ चालू, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून टॉवेल धरलेला. आणि त्या पाण्याच्या आवाजात ते म्हणाले, "एकदा झाली होती चूक." पुढे दहा मिनिटं ते मान वर न करता बोलत होते, मी नळ बारीक करून नुसतं पाणी ओतत राहिले, केसांतलं जेल केव्हाच गेलं होतं. काय ते इथे लिहिणार नाही. त्यांच्या थेरपिस्टना सांगू का विचारलं तर म्हणाले, तुम्हीच सांगा, मला परत जमणार नाही.

केस पुसून ते टेबलापाशी आले. येण्याजाण्याचे 300 रुपये आम्ही द्यायचो, त्याच्या व्हाउचरवर सही लागते. त्यांनी रक्कम अंकात वाचली, अक्षरात वाचली, परत अंकात वाचली, आणि मग सही केली.