मागे न बघता

सोमवार, रात्रीचे पावणेबारा

ओजूच्या टाचेला मलम लावून झालं. तो झोपलाय. मी जागा आहे, आणि कारण इतकं फालतू आहे की स्मितालाही धड सांगता आलं नाही. चपलेचा अंगठा तुटला. एवढंच.

शनिवारी रात्री त्याला 'बायसिकल थीव्हज' दाखवला. स्मिता म्हणत होती, आठ वर्षांच्या पोराला कशाला तो रडका सिनेमा. माझं म्हणणं, त्यातला ब्रुनो तरी केवढा आहे? सबटायटल्स ओजूला भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. सांगता सांगता ज्ञानही पाजत होतो, ते काही सुटत नाही. सिनेमा १९४८ चा, युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, रोममध्ये कुणाला काम नाही, भिंतीवर पोस्टरं चिकटवायची नोकरी लागते पण सायकल असेल तरच, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते. नववास्तववाद हा शब्दसुद्धा मी उच्चारला. ओजू "हं" म्हणाला.

शेवटाकडे एक जागा आहे. चोर सापडलाय पण पुरावा नाही, गल्लीतल्या लोकांनी हाकलून दिलंय, आणि बापलेक रिकाम्या हाताने निघालेत. बाप पुढे, ब्रुनो मागे. रस्ता ओलांडताना ब्रुनोच्या अंगावर एक गाडी येते, तो दचकतो, सावरतो, तेवढ्यात दुसरी. बाप चालतोच आहे. तिथे संवाद नाही, म्हणजे मला वाचायला काही नाही, म्हणून मी पाण्याची बाटली उचलायला वाकलो होतो.

"मेला असता तो," ओजू म्हणाला. "बाबाने बघितलं पण नाही."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच की. हा सिनेमा मी पाचव्यांदा बघत होतो. पहिल्यांदा कॉलेजात असताना, पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये, आणि बाहेर पडल्यावर मित्रांना रडलेलं दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधत बसलो होतो. रडलो होतो ते टोपीसाठी. बाप शेवटी स्वतःच सायकल चोरतो, पकडला जातो, लोक त्याला झोडतात, टोपी खाली पडते आणि ब्रुनो ती उचलून झटकतो. त्या टोपीवर मी किती बोललोय आजवर. आणि ह्या दोन गाड्या मला एकदाही दिसल्या नव्हत्या.

मग सगळंच दिसायला लागलं. बाजारात धो धो पाऊस येतो, सगळे पळतात, ब्रुनो घसरून आपटतो. बापाला पत्ता नाही. आडोशाला उभे राहिल्यावर विचारतो, काय रे झालं? ब्रुनो चिडून सांगतो, पडलो! चोराला ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पाठलाग चालू असताना पोरगं भिंतीकडे तोंड करून लघवीला उभं राहतं, तर बाप हाक मारतो, चल. तेही राहतं. उलट ब्रुनोला काय काय दिसतं! गहाणवटीतून आलेल्या सायकलच्या पेडलला पोचा आलाय, तो बापाला दिसत नाही, ब्रुनोला दिसतो. कामाला निघताना तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर उजेड येतोय म्हणून तो खिडकी लावून जातो. दीड तास तो पोरगा मान वर करून बापाकडे बघतो आणि बाप सायकलींकडे.

थापड मारल्यावर मात्र बाप बघतो, हे खरं. ब्रुनोला पुलापाशी बसवून तो पुढे जातो, आणि कुणीतरी पोर बुडतंय असा ओरडा ऐकून जो काय धावतो! मग खानावळीत नेतो, वाइन पाजतो, चीज घातलेला तळलेला पाव. शेजारच्या टेबलावरचं श्रीमंत पोर काट्याचमच्याने खातंय, ब्रुनोच्या हातातलं चीज तारेसारखं लांबतंय. आपणही असंच करतो. ओरडून झालं की आइस्क्रीम.

तर हे सगळं शनिवारी रात्री कळलं. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो, पोराने सिनेमा बघितला, बारकाईने बघितला, वगैरे.

रविवारी सकाळी त्याला घेऊन जुन्या बाजारात गेलो. अण्णांच्या मर्फी रेडिओचं बटण हवं होतं, बँड फिरवायचं. अण्णांचा तो रेडिओ म्हणजे... असो. मंगळवार पेठेत नऊलाच ही गर्दी. पाने, नळाच्या तोट्या, एका पायाचे बूट, बिनकाट्यांची घड्याळं, सगळं जमिनीवर पसरलेलं. एकाकडे रेडिओचे सांगाडे होते, त्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पार टोकाला. मी झपाझप चाललो होतो. ओजू मागे आहे हे मला माहीत होतं. म्हणजे तसं धरून चाललो होतो.

बटण मिळालं, चाळीस रुपयांना. गाडीपाशी येऊन हेल्मेट चढवलं आणि ओजूला म्हटलं बस. त्याच्या डाव्या हातात चप्पल होती. पाय काळाकुट्ट, टाचेला रक्त.

"कधी तुटली?"

"मगाशीच. तो घड्याळवाला होता ना, तिथे."

घड्याळवाला म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला.

"मग हाक नाही मारायची?"

"मारली होती."

बस. ना रडला, ना चिडला. ब्रुनोसारखं ओरडला असता तर बरं झालं असतं. उन्हात, त्या लोखंडाच्या तुकड्यांमधून पोरगं एका पायाने अनवाणी माझ्या पाठीकडे बघत आलं. आणि आदल्या रात्री, बारा तास झाले नव्हते हो, मी त्याला शाबासकी दिली होती. काय नजर आहे तुझी म्हणून.

कालपासून मनात तेच. मी वाईट बाप आहे का? पोराचा अभ्यास मी घेतो, ताप आला की रात्री मीच उठतो, ह्या घरात... जाऊ दे, ही यादी करायला लागलो की आपणच आपल्याला केविलवाणे वाटायला लागतो. ब्रुनोच्या बापाची, आंतोनियोची तरी सायकल चोरीला गेली होती, घर उपाशी राहणार होतं. मी एका बटणासाठी. आमचे अण्णा तर कायम दहा पावलं पुढे असायचे. लक्ष्मी रोडच्या गर्दीत मला त्यांचा फक्त शर्टाचा पाठीमागचा डाग आठवतो. मी त्यांना हाक मारायचीच नाही. अहो-जाहोवाल्या बापाला भर रस्त्यात हाक कशी मारणार?

ओजूने मारली होती. ते कानात बसलंय.

आणखी एक गोष्ट, जी शनिवारी त्याला ज्ञान म्हणून सांगितली आणि आज मलाच टोचतेय. आंतोनियो झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यातला कामगार. तो दिग्दर्शक डी सिकाकडे गेला होता स्वतःच्या मुलाला घेऊन, ब्रुनोच्या कामासाठी. डी सिकाने मुलगा घेतला नाही, बाप घेतला. ब्रुनो झाला भलताच कुणी, एन्झो स्टायोला, शूटिंग बघायला जमलेल्या गर्दीत सापडलेला. (तो गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये गेला. पंच्याऐंशीचा होता. माझ्या डोक्यात मात्र आठाच्या पुढे जायला तयार नाही.) जगभर लोक बापलेकाच्या ज्या जोडीला रडतात, त्यातल्या बापाचं खरं पोर घरी. त्या पोराने नंतर सिनेमा बघितला असेल तर काय बघितलं असेल? आपला बाप दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून चाललाय. ओजूला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा "हं" म्हणाला नव्हता. गप्प होता. मीही तेव्हा कुठे बघितलं?

पण किती कुढायचं. आज संध्याकाळी चप्पल घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी अंगठा ओढून बघितला, तळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "टाका मारून देतो, पण महिनाभर. पोराचा पाय वाढलाय, साहेब. टाच बाहेर येतीये." हेही त्यांनाच दिसायचं होतं.

परत येताना ठरवून ओजूला पुढे घातलं आणि मी मागे. नजर त्याच्या पाठीवर. दुकानांच्या रांगेपाशी फुटपाथचा एक पेव्हर ब्लॉक उचकटलेला आहे, तो मला दिसला नाही, कारण मी ओजूकडे बघत होतो. सणकून ठेच लागली. "आई गं" म्हणालो, मोठ्यानेच.

पठ्ठ्या गेला पुढे. एकदा वळून बघितलं नाही. मी लंगडत फाटकात पोचलो तेव्हा आत लगोरीसाठी त्याने गडी वाटूनसुद्धा घेतले होते.

नख काळं पडलंय. मलमाची ट्यूब ओजूच्या उशाशी राहिलीये, आता अंधारात कोण जाणार. बटण बसलं नाही. अण्णांना उद्या सांगेन.