तुम्ही विचारलंत म्हणून: मनाचा आजार, मग निर्णय तुमचा कसा?

मला बायपोलर, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार, आहे हे मी लपवत नाही, त्यामुळे हा प्रश्न नातलगांकडून, शाळेतल्या सहकाऱ्यांकडून हमखास येतो: ‘आजार मनाचा, मग औषधाचं तुम्ही कसं ठरवता? डॉक्टर आहेत, घरचे आहेत ना?’

आहेत, आणि हवेतच. पण हा आजार म्हणजे बारा महिने भान हरपलेलं असणं नव्हे. मी चित्रकला शिकवते, घर चालवते, कर्जाचे हप्ते भरते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही प्रत्येक रुग्णाला निर्णयक्षम धरलं आहे. तसं नाही, हे दाखवावं लागतं. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ती क्षमता नाही असं ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. या एका कलमासाठी मी त्या कायद्याची ऋणी आहे.

लिथियम या औषधाने माझे चढउतार आवरले, पण हात थरथरू लागला. फळ्यावर सुरई काढताना कडेची रेघ नागमोडी व्हायची. आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्या भावाकडे वळून विचारलं, ‘झोपते ना नीट?’ आताच्या डॉक्टर मॅडमनी पर्याय मांडले. डोस थोडा कमी करून रक्तातली पातळी पुन्हा बघायची, थरथरीसाठी वेगळी गोळी द्यायची, किंवा औषधच बदलायचं. आणि कशात आजार उलटण्याची भीती जास्त, तेही सांगितलं. मी डोस कमी करायचं ठरवलं. आता लिथियमच्या पातळीच्या, थायरॉइडच्या, किडनीच्या तपासण्या माझ्या मीच वेळेवर करून घेते. गुडघा कितीही दुखला तरी परस्पर ब्रुफेन घेत नाही, कारण त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं. नुसत्या धाकाने मी एवढं सांभाळलं नसतं.

‘आणि भान सुटलं तर?’ त्यासाठी बऱ्या दिवसांतच लेखी सूचना करून ठेवायची सोय याच कायद्यात आहे. मी ती केली आहे, बहिणीला प्रतिनिधी नेमलंय. त्यात लिहिलंय: सलग दोन रात्री झोपले नाही आणि रंगांची बेसुमार खरेदी सुरू झाली, तर माझं ‘मला काही झालेलं नाही’ ऐकू नका, मॅडमना फोन करा. ज्या इंजेक्शनने मान आखडली होती, ते पुन्हा देऊ नका. अगदी तातडीच्या उपचारात या सूचना बांधील नसतात, आणि ते मला पटतं.

तुमच्या घरी कुणी असे उपचार घेत असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांशी आधी त्यांना बोलू द्या. तुमचं नंतर सांगा.