आयडलची थरथर गेली: जिप्सीच्या इंजिनाला ४५ अंशांतले माउंट

मंडळी, थरथर गेली! घरी बांधत असलेल्या गाडीत मारुती जिप्सीचं इंजिन बसवलंय, आणि ते आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू ठेवलं, की सगळी गाडी थरथरायची. आता इंजिन ८५० आरपीएमवर चालू, स्टिअरिंगवर दोन बोटं टेकवलेली आणि बोटांना जेमतेम जाणवेल एवढीच हालचाल. बॉनेटच्या पट्टीवर ठेवलेला १० नंबरचा पाना जागचा हलला नाही. गेले कित्येक रविवार ज्याच्यामागे घालवले ते काम मार्गी लागलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या वेळी जिप्सीचं १.३ लिटरचं जी१३बीबी इंजिन आणि जिप्सीचाच पाच गिअरचा बॉक्स चेसिसमध्ये उभा केला होता. माउंट, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्यांवर टेकतं ते लवचीक आधार, तेव्हा पॉलीयुरेथेनच्या (रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) बुशचे होते. १५०० आरपीएमच्या वर सगळं गोड. आयडलला सोडलं की आरशात काही दिसेना, डॅशचा पत्रा वाजायला लागायचा आणि खालच्या रेलला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. प्लग, इंजेक्टर, व्हॅक्यूमच्या नळ्या, कॉम्प्रेशन, सगळं तपासलं. चारही सिलिंडर सारखे. मिसफायर नव्हताच.

शेवटी कॅम कव्हरवर पांढऱ्या मार्करने ठिपका काढला, मोबाइल ट्रायपॉडवर लावला आणि सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन घेतलं. ठिपका डावी-उजवीकडे झुलत होता आणि एका झोक्याला साधारण साडेआठ फ्रेम लागत होत्या. म्हणजे सेकंदाला २८ झोके. फोर-स्ट्रोकच्या चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, त्यामुळे ८५० आरपीएमला सेकंदाला २८.३ धक्के बसतात. आकडा जुळला. प्रश्न एवढाच होता, की धक्के तर प्रत्येक गाडीत बसतात, मग आपलीच गाडी एवढी का हलते?

त्याचं उत्तर डायल गेजने, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने दिलं. चेन पुलीवर इंजिनाचा भार उचलून परत बुशवर सोडला, तर बुश दबले फक्त ०.३ मिमी. माउंटची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे त्यावरचं इंजिन आपणहून सेकंदाला किती वेळा हलेल, ते काढायचा सोपा हिशेब आहे: भाराखाली माउंट जितके मिलिमीटर दबतो त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागायचं. ०.३ ला उत्तर येतं २८.८. म्हणजे माउंटची स्वतःची कंपनसंख्या आणि आयडलचे धक्के एकमेकांवर बरोब्बर येऊन बसले होते. हा उभ्या हालचालीचा आकडा. रोलमध्ये, म्हणजे डावी-उजवीकडे झुलताना, इंजिनाचं जडत्वही धरावं लागतं. पण तो ठिपका सांगत होता की रोलही त्याच पट्ट्यात आहे. धक्के चेसिसपर्यंत पोचू नयेत असं वाटत असेल, तर माउंटची कंपनसंख्या धक्क्यांच्या संख्येला १.४१ ने भागून येते त्याच्या खाली हवी. आपल्याला २० च्या खाली. त्याच्या वर जाल तितका माउंट असून नसल्यासारखा.

बुश ७० शोअरचे (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) म्हणून मागवले होते. ओळखीच्या रबर मोल्डिंगवाल्याकडून ते मोजायचा ड्युरोमीटर आणून टेकवला, तर काटा ९० च्या पुढे! ऑनलाइन माल घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, रबर किंवा पॉलीची कोणतीही वस्तू हातात आली की आधी शोअर मोजा, मगच वेल्डिंगला हात घाला. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलंय.

मऊ बुश घालून भागेल असं आधी वाटलं होतं, पण टॉर्कचा हिशेब मांडला आणि विचार बदलला. इंजिनाचा टॉर्क साधारण १०३ न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरमध्ये त्याचे साडेतीन पटींहून थोडे जास्त, म्हणजे ३७५ च्या आसपास. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात हा सगळा उलटा पीळ माउंटवरच येतो. आमच्या दोन माउंटमधलं अंतर ५२० मिमी, म्हणजे एका बाजूला ७४ किलो वर आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच खाली. पुढच्या प्रत्येक माउंटवर इंजिनाचा स्थिर भार ४२ किलो. म्हणजे डावा माउंट दबण्याऐवजी ३२ किलोने वर ओढला जाणार, आणि क्लच झटक्यात सोडला तर त्याहूनही जास्त. मऊ आणि शिवाय ओढला जाणारा रबर फार दिवस टिकत नाही.

हे सगळं वेल्डर मामांना सांगत होतो. भांडुपच्या कारखान्यांत त्यांची हयात गेली. त्यांनी खडूने जमिनीवर तिरपे दोन ठोकळे काढले आणि म्हणाले, "अरे, रबर सरळ कशाला ठेवतोस? तिरपा ठेव. वजनाला दबेल, पिळाला सरकेल."

आमच्या सगळ्या कामाचा गाभा या एका वाक्यात आहे. रबराचा चपटा ठोकळा दाबायला कडक असतो आणि सरकवायला कितीतरी मऊ. दोन्ही ठोकळे आतल्या बाजूला ४५ अंशांत कलवले आणि त्यांच्या तोंडांवरच्या लंबरेषा इंजिनाच्या रोलच्या अक्षाजवळ मिळतील असं पाहिलं, तर इंजिन त्या अक्षाभोवती झुलताना दोन्ही ठोकळे फक्त सरकतात. खालचा आणि बाजूचा भार मात्र दाबावरच पेलला जातो.

आता तो अक्ष शोधायचा. तो गुरुत्वमध्यातून जातो, म्हणून इंजिन-गिअरबॉक्स एका हुकावर टांगून ओळंबा सोडला, ब्लॉकवर खडूची रेघ मारली, मग दुसऱ्या हुकावर टांगून परत रेघ. रेघा जिथे छेदल्या तो बिंदू क्रँकच्या मध्यरेषेच्या थोडा वर आणि ब्लॉकच्या मागच्या तोंडाजवळ निघाला. १२८ किलोचा ऐवज साखळीला लटकलेला आणि एक माणूस ओळंबा धरून श्वास रोखून उभा. पण या रेघा नसत्या तर पुढचं सगळंच अंदाजपंचे झालं असतं.

ठोकळे मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळाले, जनरेटरखाली बसवतात तसले, दोन्हीकडे स्टडवाले, ५५ शोअरचे. आणि हो, या वेळी दुकानातच मोजून घेतले! बोल्टसाठीही नागदेवीच. ब्लॉकवरची भोकं एम१० (१० मिमी बोल्टची) आणि १.२५ पिचची, म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेली आहेत. साध्या दुकानात १.५ पिचचा बोल्ट हातात देतात, तो दोन आटे जातो आणि अॅल्युमिनियमचा आटा खातो. ब्रॅकेटसाठी ६ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट दारूखान्याच्या लोखंड बाजारातून आणली, आधी पुठ्ठ्याचे साचे कापून बसवून पाहिले, मग वागळे इस्टेटमध्ये लेझरने कापून घेतली. हाताने ग्राइंडर मारत बसण्यापेक्षा लेझरचे पैसे देणं केव्हाही परवडतं, भोकं तरी जागच्या जागी येतात. पावसाळी हवेत घासलेल्या लोखंडाला रातोरात तांबेरा चढतो, त्यामुळे वेल्ड थंड झाल्या झाल्या रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग.

रबर ओढला जाऊ नये म्हणून प्रत्येक ठोकळ्याभोवती ५ मिमी पट्टीचा पकडीचा कंस दिलाय. इंजिन ४ मिमीपेक्षा जास्त उचललं तर तो अडवतो आणि समजा रबर फाटला तरी इंजिन जागेवर राहतं. एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची ढाल आहेच. नैसर्गिक रबराला उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसत नाहीत.

इंजिन खाली घेतलं तो क्षण मात्र सांगायलाच हवा. डावा स्टड बसला, उजव्याला मी पहार घेऊन तयारच होतो, आणि मामांनी नट नुसता बोटांनी फिरवत शेवटपर्यंत नेला. पहार लागलीच नाही. मी तो नट उगाचच परत काढला आणि परत लावला.

आता भाराखाली ठोकळे दबतात १.६ मिमी, म्हणजे कंपनसंख्या साडेबारा. रबर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा कडक वागतो, म्हणून १५ धरा. २० च्या तरीही आरामात खाली. चालू करताना आणि बंद करताना ४५० आरपीएमच्या आसपास एक गचका बसतो, कारण इंजिन त्या पट्ट्यातून जातं. तो राहणारच.

इंजिन जास्त हलणार म्हणून दोन कामं वाढली. एक्झॉस्टमध्ये जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा, आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून निदान १२ मिमी मोकळी जागा. सध्या ९ आहे. आधी दांडाच सरकवणार होतो, पण हे लिहिता लिहिता वेगळं सुचतंय. चेसिसकडचे ब्रॅकेट आत्ता रेलच्या मधोमध वेल्ड आहेत, आणि रेल म्हणजे २५ मिमीचा चौकोनी पाइप. भार जिथे तिरपे पाइप येऊन मिळतात त्या सांध्यावर जायला हवा, नाहीतर नळी मध्येच वाकत राहणार. ब्रॅकेट ४० मिमी पुढे नेले तर सांधा सापडतो आणि चेसिसकडून आलेला ब्रॅकेटचा हात दांड्याच्या वाटेतून बाजूला होतो. ठोकळे पुढे गेले की रोलच्या अक्षाची उंची किंचित बदलेल, कारण तो मागे उतरता असतो. म्हणजे ४५ चे ४३ किंवा ४७ करावे लागतील. पुठ्ठा आज रात्रीच कापतो. ग्राइंडर नऊनंतर सोसायटीत चालत नाही, पुठ्ठ्याला कोण अडवणार?

ज्यांची बांधणी जिप्सीच्याच इंजिनावर चालू आहे, त्यांनी आपल्या खालच्या दोन रेलमधलं अंतर आणि सांध्यापासून बेल हाउसिंगपर्यंतचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या आवरणापर्यंतचं) माप कळवा. नवे साचे पक्के झाले की लेझरवाल्याकडे एकदमच टाकू, प्लेटही वाया जाणार नाही.