डिसऑर्डर टाकला म्हणून एंटँगलमेंट मरत नाय

एंटँगलमेंट (म्हणजे कण एकमेकांत असे गुंतलेले की एकेकाचं वेगळं वर्णनच करता येत नाय) लई नाजूक, जरा गडबड झाली की संपली, असं आमच्या फिजिक्सवाल्या पोरांच्यात पण बरेच जण धरून चालतात. बाहेरची उष्णता-बिष्णता आत शिरली तर खरं हाय ते. पण स्पिनच्या (छोट्या क्वांटम चुंबकांच्या) साखळीतल्या प्रत्येक स्पिनला वेगळं, कसंही पडलेलं आणि नंतर न बदलणारं चुंबकीय फील्ड दिलं तर? हा डिसऑर्डर आतला, आणि हितं गणित वेगळंच होतंय.

१९५८ ला फिलिप अँडरसननं दाखवलं की असल्या रँडम जाळीत एकटा इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकू शकतो. ते ठीक. पण कण एकमेकांशी इंटरॅक्ट करायला लागले की खरी मजा सुरू. डिसऑर्डर नसलेल्या साखळीत एंटँगलमेंट शिवाजी पेठेतल्या बातमीगत सुटती, जेवढा वेळ तेवढी लांब. डिसऑर्डर जोरात असला आणि इंटरॅक्शन शून्य, तर थोडी वाढून गप बसती. आणि इंटरॅक्शन अगदी चिमूटभर दिलं तर? थांबत नाय, वेळेच्या लॉगनं वाढत राहती, म्हणजे वेळ दहापट केला की एक ठराविक पायरी वर, परत दहापट केला की परत तेवढीच. एनर्जी हलत नाय, स्पिन हलत नाय, नुसत्या फेज (क्वांटम लहरींचे कोन) एकमेकांत गुंतत जातात (मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतंय). बार्डरसन, पोलमन आणि मूर यांचा यावरचा २०१२ चा पेपर छोटाच हाय, वाचाच.

ग्राउंड स्टेटला, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेत, तर अजून वेगळं. कपलिंगच (शेजारच्या स्पिनमधला जोर) रँडम असलेल्या हायझेनबर्ग साखळीत (स्पिन-साखळीचं एक नेहमीचं मॉडेल) लांबलांबचे स्पिन जोड्या लावून बसतात, आणि रेफेल-मूर यांनी २००४ ला काढलं की एंटँगलमेंट तिथंही तुकड्याच्या लांबीच्या लॉगनंच वाढती, फक्त स्वच्छ, म्हणजे डिसऑर्डर नसलेल्या, साखळीच्या ln २ पट, म्हणजे ०.६९ पट. एवढा राडा करून कमी झालं किती, तर तीस टक्के!

असले ग्राफ बघताना एक ध्यानात ठेवा, एका रँडम सॅम्पलवर (फील्डच्या एकाच वाटपावर) काय बोलायचं नाय. कुठलं सॅम्पल जोरात वाढतंय, कुठलं मेल्यागत पडतंय, शेकड्यानं घेऊन सरासरी काढायला लागती, आणि सरासरीपेक्षा सॅम्पल-सॅम्पलमधला तो पसारा बघण्यात जास्त माल हाय.

आता लॅबमधली प्रचंड मोठी साखळी पण कायम अशीच अडकून राहणार का, यावर अजून भांडणं चालू हायत, कारण कॉम्प्युटरवर साखळ्या छोट्याच बसतात. १६ स्पिनला निम्मे वर निम्मे खाली धरले तर १२,८७० स्टेट (शक्य मांडण्या), नुसतं त्यांचं मॅट्रिक्सच (आकड्यांचा चौकोनी तक्ता) सव्वा जीबीच्या वर. १८ ला ४८,६२०, म्हणजे १९ जीबीच्या आसपास. माझ्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम हाय, त्यामुळं आमचा विषय १६ स्पिनला कट.